परत फिरण्याचा अभ्यास

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला आणि त्याचा निवाडा करण्याचें काम, घरांतील वडीलधारा म्हणून, माझ्याकडे आलें. वाद मासे धरण्यासंबंधीं होता. हें वाक्य वाचून या मासिकाच्या कांहीं वाचकांच्या भुंवया उंचावतील, हें मी जाणून आहें. आमच्या घरांत मासा आजवर शिरला तो भूगोलाच्या पुस्तकांतून आणि मत्स्यावताराच्या कथेंतून. स्वयंपाकघराची वाट त्याला कोणीं दाखविली नाहीं. तरी वाचकांनीं थोडा धीर धरावा. वाद वरवर माशांचा दिसला, तरी खरोखर तो माशांचा नव्हता.

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्तानें बारा वर्षें ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं राहत आहे. समुद्रकांठच्या खडकावर उभें राहून गळ टाकण्याचा छंद त्याला तेथें लागला. या गोष्टीस तीन वर्षें झालीं. आम्हांस मात्र ती यंदा कळली. त्याचा मुलगा आतां ११ वर्षांचा आहे. ‘‘बाबांबरोबर मीहि खडकावर जाणार’’ असा त्यानें हट्ट धरला, आणि तो पुरविण्याकडे बापाचा कल दिसूं लागला. सूनबाईंच्या तोंडून ही वार्ता वहिनींच्या कानीं आली. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी. त्यांनीं दोन दिवस कोणाशीं न बोलतां काढले आणि तिसऱ्या दिवशीं माझ्यापुढें येऊन म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्याला एक पत्र लिहा. तुमचें तो ऐकेल. आपल्या घरच्या मुलानें जीवहत्या करावी हें एक, आणि एकुलत्या एका नातवाला लाटेच्या तोंडीं द्यावें हें दुसरें. पहिलें मी एक वेळ गिळीन. दुसरें माझ्यानें गिळवणार नाहीं.’’

मी लागलींच कागद घेऊन बसलों. ‘नको’ म्हणण्यास फार शब्द लागत नाहींत; अर्ध्या तासांत पत्र तयार झालें. परंतु तें मीं पेटींत टाकलें नाहीं. त्याला दोन कारणें होतीं. पहिलें असें कीं, उत्तरपत्रिका वाचल्यावांचून गुण द्यावयाचे नाहींत, हा नियम मीं आयुष्यभर पाळला, आणि येथें तर मी न वाचतांच शून्य गुण देत होतों. दुसरें कारण माझ्या स्वतःच्या एका जुन्या चुकीसंबंधीं आहे. तें पुढें ओघानें येईल. सारांश, तें पत्र बाजूस ठेवून मीं पुतण्याला दुसरें लिहिलें कीं, तूं काय करतोस, कसें करतोस आणि त्यांत धोका कोठें आहे, हें कांहीं न लपवितां मला सविस्तर कळीव.

आधीं वादाचा पहिला भाग संपवूं. ‘मानसोल्लास’ नांवाचा एक मोठा संस्कृत ग्रंथ आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर या राजाच्या नांवावर तो असून त्याचा काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा समजतात. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. मराठी वाचकांस हा ग्रंथ अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा उल्लेख त्यांत आला आहे. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशतींत हा ग्रंथ विभागला असून राजाच्या करमणुकीचे जे अनेक विनोद त्यांत वर्णिले आहेत, त्यांत एक मत्स्यविनोद आहे. समुद्रांतील मासे कोणते व नद्यांतील कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, त्यांना कोणतें खाद्य घालून एका जागीं येण्याची संवय लावावी, गळ टाकण्याचीं साधनें कशीं असावींत, याचा विचार त्या राजाच्या ग्रंथांत केलेला आहे. तेव्हां ही करमणूक कोणा परदेशस्थानें आपल्या मुलांस शिकविली, असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. अर्थात् ग्रंथांत आहे म्हणून ती ग्राह्य, असेंहि मी म्हणत नाहीं. ग्रंथांत राजांची मृगयाहि आहे आणि द्यूतहि आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, लोकांनीं हा विषय शास्त्रासारखा अभ्यासिला आहे, आणि न अभ्यासितां त्याला नाक मुरडणें हें विद्वत्तेचें लक्षण नव्हे.

पुतण्याच्या पत्रांत एक मौजेची गोष्ट होती. तो ज्या माशाच्या मागें असतो त्याला तेथें ‘लूडरिक’ म्हणतात. हा मासा मुख्यतः खडकावरचें हिरवें शेवाळ व समुद्रांतील पाला खाऊन राहतो. म्हणून गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावावी लागत नाहीं, तर शेवाळाचे हिरवे धागे पिळून गुंडाळावे लागतात. शेवाळ बारीक चिरून, वाळूंत कालवून, तें मूठमूठ पाण्यांत टाकावयाचें, म्हणजे मासे त्या जागीं जमतात. ‘मानसोल्लासां’तील खाद्य घालण्याची युक्ति येथें नऊशें वर्षांनंतर पुन्हां भेटली, याचें मला कौतुक वाटलें. मीं हें वहिनींना वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे मासा सोंवळा, आणि माणूसच ओंवळा!’’ या न्यायनिवाड्यावर अपील नाहीं. २७ सेंटिमीटरहून लहान लूडरिक पाण्यांत परत सोडावा, असा तेथील सरकारी नियम आहे. पुतण्या मोठेहि बहुतेक सोडून देतो. परंतु गळाची इजा ती इजाच. हा प्रश्न मीं त्याच्या विवेकावर सोपविला आहे, आणि तो सुटला आहे असा बहाणा मी करीत नाहीं.

आतां धोक्याकडे वळूं. सिडनीच्या आसपासचा समुद्रकांठ पुष्कळ ठिकाणीं उंच कड्यांचा आहे आणि कड्याच्या पायथ्याशीं, पाण्याच्या थोड्या वर, सपाट कातळाच्या पट्ट्या आहेत. मासे धरणारे या पट्ट्यांवर उभे राहतात. मागें कडा, पुढें खोल पाणी, आणि खालीं ओला, शेवाळलेला दगड. दर वर्षीं अशा जागांवरून लाटेनें ओढून नेलेलीं माणसें तेथें बुडतात. यावर उपाय म्हणून न्यू साउथ वेल्स राज्यानें २०१६ सालीं एक कायदा केला. जे भाग विशेष धोक्याचे म्हणून जाहीर होतील, तेथें खडकावरून मासे धरणाऱ्यानें जीवरक्षक जाकीट अंगांत घातलेंच पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. त्याच वर्षाच्या १ फेब्रुवारीस आपल्याकडे मुरूडच्या समुद्रांत, सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, याची आठवण वाचकांस असेल. समुद्र दोन्हीकडे एकच, आणि शोकहि एकच.

मला वाटत होतें कीं, असे अपघात वादळांत होत असावेत. पुतण्यानें कळविलें कीं, तसें नाहीं. वादळांत खडकावर जाण्याइतका मूर्ख मनुष्य क्वचितच सांपडतो. अपघात होतात ते पुष्कळदां स्वच्छ उन्हाच्या, निवांत दिवशीं. याचें कारण समजण्यासारखें आहे. दूर, शेंकडों कोसांवर, समुद्रांत वादळ उठतें. तेथें निर्माण झालेल्या लाटा वाऱ्याला मागें टाकून एकट्याच प्रवास करीत येतात आणि दोन-तीन दिवसांनीं, जेथें झाडाचें पान हालत नाहीं, अशा किनाऱ्यावर आदळतात. शिवाय त्या एकसारख्या उंचीच्या नसतात. निरनिराळ्या लाटांच्या मालिका एकमेकींत मिसळतात. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर आला तर पाणी शांत दिसतें. दोघींचे माथे एकत्र आले तर अकस्मात् मोठी लाट उठते. हवामान-खात्याचा लाटांच्या उंचीचा जो आंकडा प्रसिद्ध होतो, तो सर्वांत मोठ्या लाटेचा नसून, लाटांपैकीं उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या दुपटीच्या जवळ जाऊं शकते. आंकडा दीड मीटरचा असला, तर तीन मीटरची लाट ही चमत्काराची नव्हे, केवळ वाट पाहण्याची गोष्ट आहे. आणि भर म्हणून भरती. ओहोटीच्या वेळीं जो कातळ कोरडा होता, तो सहा तासांनीं कोरडा राहीलच असें नाहीं. आणि गळाकडे डोळे लावून बसलेल्याच्या पायाखालीं पाणी कधीं आलें, हें त्याला कळत नाहीं.

म्हणून अनुभवी लोकांनीं कांहीं नियम बांधले आहेत. खालीं उतरण्यापूर्वीं वरच्या सुरक्षित जागेवरून निदान अर्धा तास समुद्र पाहावा. कारण मोठ्या लाटा मालिकेनें येतात, आणि पांच मिनिटें पाहणाऱ्यास दोन मालिकांमधील शांतताच दिसते. उभें राहण्याचा कातळ ओला आहे कीं कोरडा, हें पाहावें. पाऊस नसतां तो ओला असेल, तर तेथवर लाट येऊन गेली आहे. समुद्राकडे कधींहि पाठ करूं नये. परतण्याची वाट आधीं ठरवावी, मग पुढें जावें. एकट्यानें जाऊं नये. दोघांपेक्षां तिघे बरे, म्हणजे एक संकटांत असेल तर एक त्याच्यावर दृष्टि ठेवील आणि एक मदत आणील. पायांत लोखंडी खिळ्यांचे जोडे असावेत. गळ सुटून वाहून गेला किंवा टोपी पडली, तर ती आणावयास पुढें जाऊं नये. पुष्कळ ठिकाणीं खडकावर खांब रोवून त्याला पाण्यांत फेंकण्याचें वलय टांगलेलें असतें. तें कोठें आहे, हें येतांच पाहून ठेवावें. आणि एवढें करूनहि पाण्यांत पडलें, तर लगेच खडकावर चढण्याची धडपड करूं नये, कारण पुढची लाट त्याच खडकावर आपटते. खडकापासून दूर जाऊन मदतीची वाट पाहावी. पोहणाऱ्यालाहि जाकीट लागतें, याचें कारणहि मला नवें होतें. खडकाशीं फुटलेल्या लाटेचें पाणी फेसाळ असतें, त्यांत हवा मिसळलेली असते; तें माणसाला नेहमींच्या पाण्याइतकें उचलून धरीत नाहीं. शिवाय डोकें दगडावर आपटलें, तर पोहण्याची विद्या कामाची राहत नाहीं.

हे नियम वाचून कोणीहि म्हणेल कीं, यांत कठीण काय आहे? दहा वाक्यें, मुलगा एका संध्याकाळीं पाठ करील. येथेंच खरी गोम आहे, आणि येथूनच हा विषय मला मासे सोडून सर्व शिक्षणाचा वाटूं लागला.

हाताचें कौशल्य पुनरावृत्तीनें येतें, हें आपण सर्व जाणतों. पुतण्यानें पहिले दोन महिने समुद्राचें तोंड पाहिलें नाहीं. घरामागच्या हिरवळीवर, गळाच्या जागीं शिशाचें एक लहान वजन बांधून, जमिनीवर ठेवलेल्या थाळीकडे तो काठीनें दोरी फेंकीत असे. रोज वीस मिनिटें. अधिक नाहीं, कारण हात दमला म्हणजे तो चुका करतो, आणि चुकांचीहि संवय लागते. गांठीचाहि असाच पाठ. गळाच्या नेढ्यांतून दोरी ओंवून तिचे आपल्याच अंगाभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावयाचे, टोंक नेढ्याजवळच्या फाशांतून काढावयाचें, आणि ओढण्यापूर्वीं ती गांठ ओली करावयाची. कोरडी गांठ ओढली कीं घर्षणानें दोरी तापते व तेथेंच अशक्त होते. ही गांठ त्यानें प्रथम जाड सुतळीवर बांधली, मग बारीक दोरीवर, मग डोळे मिटून, मग गार पाण्यांत बोटें बधिर करून. वेदपाठक पदांचा क्रम, जटा आणि घन म्हणतात, तीहि हीच पद्धत. तेंच पद पुढून, मागून, जोडीनें, उलटसुलट म्हणावयाचें, म्हणजे ओघांत लपलेली चूक लपून राहत नाहीं.

मासा लागल्यावर ओढण्याचाहि अभ्यास असतो. लूडरिक शेवाळ तोंडांत घेतो तेव्हां पाण्यावर तरंगणारी खुणेची काडी हळूहळू खालीं जाऊं लागते. नवशिक्या तेवढ्यानें उतावीळ होऊन झटका देतो, आणि रिकामा गळ वर येतो. काडी चांगली खालीं जाईपर्यंत थांबून मग सावकाश काठी उचलावयाची. ‘‘काका,’’ तो लिहितो, ‘‘पहिले ३० मासे मीं असेच घालविले. थांबायचें हें मला ठाऊक होतें, पण हाताला ठाऊक नव्हतें.’’ हें वाक्य मला फार आवडलें. शाळेंत मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे कीं, मुलाला नियम ठाऊक असतो, त्याच्या हाताला नसतो. आणि परीक्षेंत लिहितो तो हात. पतंजलीनें अभ्यासाला तीन विशेषणें लाविलीं आहेत: तो दीर्घकाळ चालला पाहिजे, मध्यें खंडतां कामा नये, आणि आदरानें केला पाहिजे. यांपैकीं पहिलीं दोन आपण लक्षांत ठेवतों. तिसरें विसरतों.

तें तिसरें विसरलें म्हणजे काय होतें, हें खडकावर दिसतें. पुनरावृत्ति ही दुधारी आहे. तिनें हात तयार होतो, पण भय बोथट होतें. एखादा मनुष्य चाळीस वेळां समुद्राकडे पाठ करतो, आणि चाळीस वेळां कांहीं होत नाहीं. त्याचें मन काय शिकतें? समुद्र दयाळू आहे हें. तर्कशास्त्राच्या भाषेंत हा शुद्ध हेत्वाभास आहे. ‘पूर्वीं वाचलों’ या हेतूनें ‘पुढें वाचेन’ हें सिद्ध होत नाहीं. परंतु मन न्यायशास्त्र शिकलेलें नसतें. तें फक्त मोजतें. पुतण्याच्या ओळखीचा एक गृहस्थ, वीस वर्षें त्याच एका कातळावर जाणारा, गेल्या हिंवाळ्यांत चहाच्या बाटलीचें झांकण लावण्यासाठीं वांकला. तेवढ्यांत लाट आली. अंगांत जाकीट होतें म्हणून तो वाचला. खांद्याचें हाड मोडलें. तो नवशिका असता, तर कदाचित् वांकला नसता. भीत भीत उभा राहिला असता. त्याला बुडवीत होती ती अज्ञानाची लाट नव्हे, संवयीची.

मग पुनरावृत्ति टाकावी काय? तीहि टाकतां येत नाहीं, कारण तिच्यावांचून कौशल्य नाहीं. यावर तोड आपल्याच शास्त्रकारांनीं, अर्थात् वेगळ्या संदर्भांत, सांगून ठेवली आहे. त्यांनीं कर्माचे नित्य आणि काम्य असे भेद केले. काम्य कर्म फळाच्या इच्छेनें करावयाचें. इच्छा नसेल तर करूं नये. नित्य कर्माला इच्छेचा प्रश्न नाहीं. तें केल्यानें कांहीं विशेष मिळतें म्हणून नव्हे, तर न केल्यानें दोष लागतो म्हणून करावयाचें. संध्या करणारा आज मन लागेल कीं नाहीं, याचा विचार करीत बसत नाहीं. आचमनापासून क्रम सुरू होतो आणि मन मागून येतें. मला वाटतें, खडकावरचे ते दहा नियम या नित्य कर्माच्या वर्गांत घातले पाहिजेत, आणि मासा काम्य वर्गांत. मासा मिळाला तर मिळाला. परंतु अर्धा तास समुद्र पाहणें, जाकिटाचे बंद ओढून पाहणें, परतीची वाट बोटानें दाखविणें, हें आकाश निरभ्र असलें तरी, मागच्या रविवारीं केलें असलें तरी, उशीर झाला असला तरी, त्याच क्रमानें व्हावें. भय बोथट होणारच. तें मनुष्याच्या स्वभावांत आहे. म्हणून रक्षण भयावर सोंपवूं नये, क्रमावर सोंपवावें.

पुतण्याच्या पत्राच्या शेवटीं जी गोष्ट होती, तिनें माझें मत फिरविलें. त्यानें एक वही ठेवली आहे. प्रत्येक फेरीची तारीख, भरतीची वेळ, लाटांचा आंकडा, प्रत्यक्ष काय दिसलें आणि काय केलें, हें तो तींत लिहितो. त्या वहीच्या कांहीं पानांचीं छायाचित्रें त्यानें मला पाठविलीं. गेल्या वर्षांत ३१ फेऱ्या झाल्या. त्यांपैकीं ९ फेऱ्यांसमोर एकच शब्द आहे: ‘परतलों’. पहांटे चारला उठून, तासभर गाडी हांकून, कड्यावर अर्धा तास उभें राहून, दोरी न सोडतां घरीं. त्यानें लिहिलें आहे, ‘‘काका, पहिल्या वेळीं परत फिरणें फार जड गेलें. इतका खटाटोप फुकट गेला असें वाटलें, आणि शेजारीं दोघे खुशाल खालीं उतरत होते. आतां तितकें जड जात नाहीं. थाळींत वजन टाकायला शिकलों, तसाच परत फिरायला शिकलों.’’

ही ओळ वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. आतां माझ्या चुकीची गोष्ट सांगतों.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं मीं इयत्ता सातवीच्या वर्गाला वनभोजनासाठीं कृष्णाकांठीं नेलें होतें. मुलांनीं घाटावर पाय धुण्याची परवानगी मागितली. वेळ थोडा होता, ऊन फार होतें, आणि मुलें किती दिवस या सहलीची वाट पाहत होतीं हें मला ठाऊक होतें. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, हें मला दिसलें होतें. मी ‘नाहीं’ म्हणावयास हवें होतें. मी म्हणालों, ‘‘बरें, पण संभाळून.’’ एक मुलगा तिसऱ्या पायरीवरून घसरला आणि डोहांत गेला. पलीकडे नाव बांधीत असलेल्या नावाड्यानें उडी घालून त्याला काढलें. मुलगा वाचला. त्याच्या आईनें मला एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. तो बोल मीं पुढें जन्मभर ऐकला.

त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत मीं एकाहि वर्गाला पाण्याजवळ नेलें नाहीं. लोक म्हणत, मास्तर फार जपणारे. मलाहि तसेंच वाटे. परंतु आज विचार करतां दिसतें कीं, मीं त्या शेंकडों मुलांना पाण्यापासून वांचविलें नाहीं. मीं फक्त माझ्या डोळ्यांपुढून पाणी दूर केलें. तीं मुलें सुटींत नदीवर गेलींच असतील, मुलें जातातच. घाट कसा पाहावा, पाऊल कसें टाकावें, आणि मुख्य म्हणजे सर्वांच्या उत्साहाच्या भरांत ‘आज नको’ असें कसें म्हणावें, हें त्यांना मीं शिकविलें नाहीं. शिकवूं शकलोंहि नसतों, कारण तें मला स्वतःलाच येत नव्हतें. त्या दिवशीं घाटावर मला नियम ठाऊक होता. जिभेला ठाऊक नव्हता. ‘नाहीं’ म्हणण्याचा मला अभ्यास नव्हता.

निषेध सोपा असतो, म्हणून आपण वडील मंडळी त्याचा आश्रय करतों. अंगणांत विहीर आहे, तर मुलांनीं तिकडे फिरकूं नये. रस्त्यावर वाहनें आहेत, तर सायकल नको. यांत माया असते हें खरें, पण तिच्यांत आपल्या काळजीची सोयहि असते. विधि कठीण असतो, कारण तो शिकवावा लागतो, रोज तपासावा लागतो, आणि शिकविणाऱ्यालाहि पाळावा लागतो. एकत्र कुटुंबांत दहा माणसें ‘नको’ म्हणावयास असतात. कमरेला दोर बांधून मुलाला विहिरींत उतरविणारा एखादाच काका असतो. आणि पोहणें शिकतो तो त्या काकाच्या हाताखालीं.

पहिलें पत्र मीं फाडलें आणि नवें लिहिलें. त्यांत मुलाला नेण्यास मना केली नाहीं. क्रम मात्र घालून दिला. मुलानें आधीं पोहण्यांत तयार व्हावें. तलावांत कपड्यांसह आणि जाकीट घालून पाण्यांत पडण्याचा सराव करावा. हिरवळीवर थाळीचा आणि घरीं गांठीचा पाठ सुरू करावा. पहिलें एक वर्ष त्यानें खडकावर उतरूं नये. बापाबरोबर कड्यावर उभें राहून समुद्र पाहावा, लाटा मोजाव्या आणि वही त्यानेंच लिहावी. ‘आज उतरावें कीं परतावें’ याचें उत्तर बापानें सांगण्यापूर्वीं मुलानें कारणांसह वहींत लिहावें, आणि दोघांपैकीं एकानें जरी ‘परतावें’ म्हटलें, तरी परतावें. पुढें गळ टाकावयाचा झाला, तर प्रथम खाडीच्या शांत पाण्यावर. खडकाचें पुढचें पुढें.

पत्र टाकण्यापूर्वीं वहिनींना वाचून दाखविलें. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मीं ‘नको’ लिहायला सांगितलें होतें.’’

मीं म्हटलें, ‘‘होय. पण माझें ‘नको’ येथून सिडनीपर्यंत पोंचेल, कड्यावरून खालीं उतरणार नाहीं. तेथें त्याचें स्वतःचें ‘नको’ लागेल.’’

त्यांना तें पटलें असें मी म्हणणार नाहीं. देवघरांत जाऊन त्यांनीं समई लावली, आणि बाहेर येऊन ‘‘टाका पत्र’’ एवढेंच म्हणाल्या.

या गोष्टीला आतां महिना झाला. दर रविवारीं दुपारीं तिकडून दूरध्वनि येतो. वहिनी पूर्वीं नातवाला ‘जेवलास का?’ असें प्रथम विचारीत. परवां त्यांनीं विचारलें, ‘‘आज उतरायचें कीं परतायचें, काय लिहिलेंस?’’ पोरानें मोठ्या अभिमानानें सांगितलें, ‘‘आजी, मीं ‘परत’ लिहिलें, आणि बाबांनीं ‘उतरूं’ लिहिलें होतें. म्हणून आम्ही परत आलों.’’

वहिनींनीं फोन माझ्या हातांत दिला आणि डोळे पुसले. त्या संध्याकाळीं आमच्याकडे शिरा झाला. कशाचा, असें मुलांनीं विचारलें. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आज मासा मिळाला नाहीं, त्याचा.’’